आबांचा आवाज

माझे हात एका तापात गेले. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कंपनीत मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. ताप उतरला आणि आठवड्याभरात आधी पाय लुळे पडले, मग हात. डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. पाय हळूहळू परत आले. हात आले, पण अर्धेच. खांदा हलतो, कोपर वाकतं, मनगटाच्या पुढं मात्र माझं काही चालत नाही. बोटं आत वळून बसलीत. दोन्ही मनगटांमध्ये कप धरून चहा पिता येतो. दाराची कडी निघत नाही. कीबोर्डचं एक बटण दाबायला गेले तर शेजारची दोन त्याच्याबरोबर दाबली जातात.

लग्न झालेलं नव्हतं. जालन्यातली भाड्याची खोली सोडली आणि राजूरजवळच्या आमच्या गावी, माय आणि आबांकडं परत आले. दोन खोल्यांचं घर, वर पत्रे, मागं काट्याचं कुंपण घातलेली मेंढरांची जागा. दोन खोल्यांच्या मध्ये दार नाही, पडदा आहे.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर मेंढरांमागं फिरलेले. त्यांच्या वडिलांचं वर्ष रानोमाळ जायचं, आबांचंही लहानपण तसंच गेलं. पुढं थोडी जमीन झाली, घर गावाच्या कडेला थांबलं, तरी वीसेक मेंढरं आणि दोन-चार बकऱ्या त्यांनी ठेवल्याच. त्यांचा आवाज या धंद्यानंच घडवलेला. एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावरच्या माणसाला ‘भाकरी आणली का’ असं विचारायचं, तर तसाच आवाज लागतो. त्यात वयानं त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं, आणि आपल्याला कमी येतं म्हणजे सगळ्यांनाच कमी येतं असं ते धरून चालायचे. ते मायशी बोलले की तिसऱ्या घराला कळायचं, आज आमच्याकडं कोणती भाजी आहे.

हॉस्पिटलात हातांचे व्यायाम शिकवणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनीच मला सांगितलं की हात लावल्याशिवायसुद्धा कॉम्प्युटर चालवता येतो. आपण बोलायचं, ते लिहितं. ‘ओपन’ म्हटलं की उघडतं, ‘स्क्रोल डाउन’ म्हटलं की खाली सरकतं. त्यांनी माझ्या लॅपटॉपवर सगळं लावून दिलं, तोंडाजवळ माइक येईल असा हेडफोन घ्यायला सांगितला. मी कंपनीतल्या माझ्या मॅडमला फोन केला. मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, शेतकऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या तक्रारी येतात, त्यांची उत्तरं घरी बसून लिही. पगार आधीपेक्षा कमी, पण पगार. महिनोन् महिने मायच्या हातानं जेवल्यावर त्या शब्दाचं मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही.

सकाळी माय लॅपटॉप उघडून चालू करायची, माझ्या डोक्यावर हेडफोन बसवायची, केस मागं सारायची आणि रानात जायची. मग मी बोलायला लागायचे. आमची बोली त्याला कळत नव्हती. मी ‘न्हाई’ म्हटलं की ते ‘राई’ लिहायचं, ‘मंग’ म्हटलं की भलतंच काही. म्हणून मी पुस्तकातल्यासारखं बोलायला लागले. ‘आपली तक्रार प्राप्त झाली आहे, स्वल्पविराम.’ पहिल्या दिवशी मायनं पडद्यातून डोकं घातलं होतं. म्हणाली, “कोण्या पाव्हण्यासंग बोलून राह्यली तू?”

अडचण आली ती आबांची. हेडफोनचा माइक मिक्सरचा आवाज गाळायचा, पत्र्यावरची चिमणी गाळायचा, आबांना गाळायला त्याला जमायचं नाही. आबा मागच्या कुंपणात मेंढरांशी बोलायचे ते सरळ माझ्या पत्रात यायचं. मी पुसत राहायचे. ‘डिलीट’ म्हणायचे, पुन्हा बोलायचे, पुन्हा पुसायचे.

एकदा पुसायचं राहिलं. घनसावंगीच्या एका दुकानदाराला उत्तर गेलं ते असं: पेरणीनंतर पाऊस कमी झाल्यास उगवण कमी दिसू शकते, काळी मेली कुठं उलथली, तिला बांध, तरी आपण आमच्या प्रतिनिधीशी संपर्क साधावा. दुकानदारानं ऑफिसात फोन करून विचारलं की बांधायचं कोणाला. मॅडमनी मला फोन केला. आधी त्या हसल्या. मग थांबून म्हणाल्या, “मला हसू आलं गं, पण हे वरच्या साहेबांकडे गेलं असतं तर घरचं काम बंदच झालं असतं. बघून पाठव.”

फोन ठेवला. मी तशीच मागं गेले. आबा काळ्या बकरीच्या खुरात रुतलेला काटा काढत बसले होते. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. कळल्यावर त्यांचं तोंड उजळलं.

“माझं बी लिहिलं त्यानं?”

“हो ना.”

“काय लिहिलं?”

मी सांगितलं. ते बकरीला सोडून उभे राहिले. “बराबर लिहिलं? जसं मी बोल्लो तसं?”

आबांना सही येते, त्यापुढं काही नाही. त्यांचं बोलणं कुठं अक्षरात उतरलं असेल तर ते आयुष्यात पहिल्यांदा. दाखव म्हणाले असते आणि मी दाखवलं असतं, तर काय बिघडलं असतं? पण माझ्या डोक्यात मॅडमचा फोन होता. मी म्हणाले, “आबा, हसण्यावारी नेऊ नका. काम जाईल माझं. मी बोलत असले की तुम्ही बोलायचं न्हाई. बिलकुल न्हाई.”

त्यांचं हसू लगेच गेलं नाही, ते हळूहळू मावळलं. “कवर?” त्यांनी विचारलं.

“माझं चालू हाय तवर.”

“बरं,” ते म्हणाले. आणि त्यांनी ते हळू म्हटलं. मला तेव्हा वाटलं, चला, समजलं एकदाचं.

आबा अर्धवट काही करत नाहीत. दुसऱ्या दिवशी मेंढरं रानात गेली ती आवाज न करता. मागं जाऊन पाहिलं तर सगळ्या घंट्या एका पोत्यात घालून ठेवलेल्या. कुत्रा माझ्या चुलतभावाच्या शेतावर नेऊन बांधला. संध्याकाळी चार म्हातारी माणसं आमच्या ओट्यावर बसायची, तंबाखू मळत तासन् तास बोलायची. त्यांना आबा लांबूनच ओठावर बोट ठेवून थांबवायचे. “पोरगी कामाला बसलीय.” ती माणसं एक-दोन दिवस आली, मग मारुतीच्या पाराकडं जायला लागली. आबा त्यांच्यासोबत जायचे नाहीत. मला पाणी लागलं, हेडफोन काढायचा झाला, तर घरात माणूस पाहिजे म्हणून मेंढरं लवकर चारून आणून ते ओट्यावर बसून राहायचे. गप्प.

मायनं चूल बाहेर मांडली. भांडी घासायची तर ती लांब बांधावर नेऊ लागली. कोणाला काही सांगायचं झालं तर माझ्या घरचे हातानं सांगायचे. भाकरी, पाणी, मेंढरं आली, कोणी आलंय. आबांच्या खुणा मोठ्या होत्या, त्यांच्या आवाजासारख्याच.

इथं मला एक गोष्ट लिहायलाच पाहिजे. मला ती शांतता आवडायला लागली होती. माझं काम वाढलं, चुका थांबल्या. मॅडमनी आणखी एका जिल्ह्याच्या तक्रारी माझ्याकडं दिल्या. काम संपल्यावरसुद्धा मी कधीकधी हेडफोन तसाच ठेवायचे. माझ्या डोक्यावर हेडफोन दिसला की घरात कोणी बोलायचं नाही. आजारपणात येणारा-जाणारा प्रत्येक माणूस माझ्या हातांवर बोलून गेला होता, माझ्या लग्नावर बोलून गेला होता. आता कोणी येत नव्हतं. मी लॅपटॉपच्या काळ्या पडद्यासमोर बसून राहायचे आणि आबा खोलीच्या पडद्यापलीकडं पाय न वाजवता चालायचे.

कापूस वेचणीचे दिवस होते. माय दुसऱ्यांच्या रानात गेली होती. दुपारी मी सोयाबीनच्या उगवणीबद्दलचं एक मोठं उत्तर लिहीत होते. तक्रार करणारा शेतकरी चिडलेला होता, म्हणून शब्द जपून निवडत होते. त्या दुपारी माझी एकही चूक झाली नाही. मागून काही धपकन पडल्यासारखं वाटलं होतं, पण पत्र्यावर माकडं उतरतात कधीकधी. मी थांबले, कानोसा घेतला. काही आवाज नाही. मी पुढं बोलत राहिले.

उन्हं कलल्यावर माय आली. ती मागं गेली आणि तिची किंकाळी ऐकून मी हेडफोनसकट उठले, वायरीनं लॅपटॉप खाली ओढला गेला.

आबा मेंढरांच्या कुंपणाला लागून असलेल्या दगडी भिंतीला टेकून बसले होते. बकऱ्यांना सुबाभळीचा पाला काढायला ते भिंतीवर चढले होते, वरचा दगड निसटला होता. उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळलेला. तोंड काळंठिक्कर पडलेलं. उपरण्याचं एक टोक त्यांनी दातात धरलं होतं. ती भिंत आणि माझी खुर्ची यांच्यामध्ये आमच्या घराची एक भिंत, बस. मी हात लांब केला असता तर घराच्या त्या भिंतीला लागला असता.

“हाक मारायची ना आबा,” मी म्हणाले. “मी इथंच होते.”

त्यांनी दातातलं उपरणं सोडलं. “तू बोलून राहिल्ती.”

“मंग काय झालं?”

“त्यात गेलं असतं ना.”

शेजाऱ्यांनी जीप आणली. आबांना उचलायला सगळे हात होते, फक्त माझे नव्हते. पाय हलू नये म्हणून मायनं तो जालन्यापर्यंत मांडीवर धरून ठेवला. मी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसले, मनगटं मांडीवर ठेवून. प्रत्येक खड्ड्याला मागून मायचा आवाज यायचा, आबांचा नाही.

डॉक्टरांनी विचारलं, कधी पडले? आम्हा दोघींनाही सांगता येईना. आबांनी खिडकीकडं बोट केलं. “ऊन डोक्यावर होतं तवा.” डॉक्टर माझ्याकडं पाहून म्हणाले, “घरात कोणी नव्हतं का?” मी म्हणाले, “मी होते.” डॉक्टरांनी माझे हात पाहिले, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांना वाटलं, या हातांमुळं मी काही करू शकले नसेन. मी त्यांना ते वाटू दिलं.

पायात सळई टाकली. आबा वाचले, पाय वाचला, पण मेंढरांमागं फिरणं संपलं. चुलतभाऊ येऊन सगळी मेंढरं, बकऱ्या घेऊन गेला. ती जाताना आबा खाटेवर बसून बघत होते. चुलतभावाला त्यांनी हातानंच सांगितलं, ती कडेची लंगडते, तिला सांभाळ. लॅपटॉप तेव्हा बंद होता. घरात बोलायला कोणालाच बंदी नव्हती.

मी मॅडमना सांगितलं की मला बोलून काम करायचं नाही. त्यांनी कारण विचारलं, मी दिलं नाही. हॉस्पिटलच्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, डोक्यानंही चालवता येतं, पण कष्टाचं आहे. लॅपटॉपचा कॅमेरा आपला चेहरा बघत राहतो. डोकं डावीकडं वळवलं की पडद्यावरचा बाण डावीकडं जातो, एका जागी क्षणभर धरून ठेवला की क्लिक होतं. पडद्यावरच अक्षरांचा तक्ता उघडायचा आणि एकेका अक्षरावर जाऊन थांबायचं. पहिल्या आठवड्यात मला मान वळवता येईना. जिथं दिवसात दहा उत्तरं जायची तिथं दोन जायला लागली. मॅडमनी जास्तीचा जिल्हा काढून घेतला. मला त्याचं बरंच वाटलं. मान दुखायची तेही बरं वाटायचं. कोणीतरी काहीतरी वसूल करतंय असं.

आबांना मी खाटेजवळ बसून समजावून सांगितलं. “हे नवीन हाय आबा. हे ऐकत न्हाई. फकस्त बघतं. तुम्ही कितीबी बोला.”

त्यांनी बराच वेळ लॅपटॉपकडं पाहिलं. “बघतं,” ते म्हणाले. “मंग मी हललो तर?”

“तुमच्या हलण्याचं काही न्हाई.”

पण तेही खरं नव्हतं. काठी घेऊन ते उभे राहायला लागले, आणि माझ्या मागून जाताना एकदा कॅमेऱ्यानं माझा चेहरा सोडून त्यांचा धरला. बाण उडून कोपऱ्यात गेला. मी नुसतं ‘अगं बाई’ म्हणाले. तेवढंच. त्यानंतर आबा माझ्या मागून जाताना वाकून जायला लागले. सळईचा पाय, हातात काठी, सत्तरीच्या पुढचा माणूस, आणि आपल्याच घरात दुसऱ्याच्या खिडकीखालून जावं तसा वाकून चाललेला. मी पाठमोरी असायचे, मला कळलंच नाही. एक दिवस लॅपटॉपच्या पडद्याच्या काळ्या भागात मला ते वाकलेले दिसले.

मी मायला सांगून टेबल फिरवून घेतलं. पाठ भिंतीला लावली. आता माझ्यामागून कोणी जाण्याचा प्रश्न नव्हता आणि आबांची खाट बरोबर समोर आली. दिवसभर आम्ही समोरासमोर. मी डोकं हलवून लिहायचे, ते बसून बघायचे.

“बोला ना आबा,” मी म्हणायचे.

“काय बोलू?”

“काहीबी. आधी बोलायचे तसं.”

ते विचार करायचे. खरंच विचार करायचे, कपाळाला आठ्या घालून, जशी मी परीक्षाच घेतेय. मग म्हणायचे, “ऊन वाढलं.” आणि तेही पुटपुटल्यासारखं. ओरडून बोलणाऱ्या माणसाचं पुटपुटणं ऐकायला फार वाईट असतं. त्यांना स्वतःला ते ऐकू जात नव्हतं, म्हणून आपण बोललो की नाही याचीच त्यांना खात्री नसायची. ते माझ्या तोंडाकडं बघायचे.

मी फार मागं लागले तेव्हा मायच एकदा चिडली. “आधी तू त्याला गप बस म्हणती, आता बोल म्हणती. माणूस हाय तो, नळ हाय का?” तिनं हे आबांसमोरच म्हटलं. आबांनी तिला हातानं खूण केली, राहू दे.

पाय जरा चालता झाल्यावर ते चतुर्थीला राजूरला जायला लागले. त्या दिवशी गणपतीला गर्दी असते, आमच्या फाट्यावरून जीप भरभरून जातात. सकाळी जायचे, दिवेलागणीला यायचे. आल्यावर घसा बसलेला असायचा. माय गरम पाणी करून द्यायची. मला वाटलं धुळीनं होत असेल. मग एकदा जीपवाला आमच्याकडं चुलतभावाचा निरोप घेऊन आला आणि बोलता बोलता म्हणाला, “आबा असले की रेडिओची गरज न्हाई आमाला. फाट्यापासून चालू होतेत ते राजूर येईस्तोवर. तिथं बी हाटेलात बसून तेच. लोक त्यांच्या शेजारची जागा धरून ठेवतेत.”

आबा घरातच होते. ते खाली बघत होते, चोरी पकडल्यासारखे.

मला आनंद झाला. खरंच झाला. आणि त्याबरोबर दुसरंही काही झालं, ज्याला मला नाव देता येत नाही. पुढच्या चतुर्थीला मी म्हणाले, मीपण येते दर्शनाला. माय म्हणाली, जा. आबांनी काठी उचलली. फाट्यावर जीप आली. आबा पुढच्या सीटवर बसले, मी मागं, दोन बायकांच्या मध्ये. मी वाट बघत होते. सबंध रस्ताभर आबा समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले. कोणी काही विचारलं तर मान हलवली. एक बाई म्हणाली, “आज गप कामून, आबा?” त्यांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पुढं पाहिलं. आरशात मला त्यांचे ओठ घट्ट मिटलेले दिसत होते.

देवळात रांगेत उभे राहिलो. फुलं मला धरता येत नव्हती, ती त्यांनीच वाहिली. परत येतानाही तसंच.

त्याच्या पुढच्या चतुर्थीला त्यांनी धोतर नेसलं, टोपी घातली, काठी घेतली आणि दारात थांबून विचारलं, “येती का, बाई?”

“काम हाय आबा,” मी म्हणाले. “तुम्ही जा.”

“बरं,” ते म्हणाले, आणि जरा घाईनंच निघाले.

त्या दिवशी मला काही काम नव्हतं. लॅपटॉप मिटलेला होता. मायनं तो बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि सूप घेऊन ज्वारी निवडायला बसली. जीप फाट्यावर थांबल्याचा हॉर्न आला. मी खुर्ची ओढून खिडकीशी नेली आणि फाट्याच्या दिशेनं ऐकत राहिले.